गालातला वजीर

वाशिंदच्या धम्मपाल साळव्यांनी डावाआधीच टी-शर्ट छापून घेतला होता. छातीवर 'कॅप्टन'. मुरबाडच्या स्पर्धेला शहापूरच्या बुद्धिबळ मंडळातून एकट्यानेच जायचं होतं, मग कप्तानकी गाजवणार कुणावर, ते त्यांनाच ठाऊक. आणि तो एकटा कोण, हे अजून रविवारच्या डावावर ठरायचं होतं.

समोर अंगणवाडीच्या वंदनाताई. मागच्या वर्षी त्यांचा हात चुकून घोड्याला लागला, तर या गृहस्थांनी "हात लावला ना? मंग तोच हलवा," म्हणत त्यांचा जिंकत आलेला डाव हिसकावला होता.

मंडळाचा काळा वजीर तीन वर्षांपूर्वी हरवला. नवा संच आणायचा ठराव दरवर्षी होतो आणि चहाबरोबर संपतो. तेव्हापासून वजिराच्या घरात एक चिकणी सुपारी बसते. ही अक्कल धम्मपालांचीच. त्यांच्या खिशात तसल्या सुपाऱ्यांची पुडी कायम असते. डाव जिंकत आला की एक गालात धरायची आणि समोरच्याकडे कीव आल्यासारखं बघायचं, ही त्यांची जुनी खोड.

रविवारी काळ्या सोंगट्या त्यांच्याकडे होत्या, आणि डावही. चार चालींत संपला असता.

"ताई, तुमी पोरांना बडबडगीतं शिकवा. हे डोक्याचं काम हाय," असं म्हणत त्यांनी ताईंवरची नजर न काढता सुपारी तोंडात टाकली.

वंदनाताईंनी पटाकडे पाहिलं. "भाऊ, तुमचा वजीर कुठाय?"

पुडी खिशातच होती.

"चुकलं ओ," धम्मपाल गाल सावरत म्हणाले. "पण ती काय सोंगटी नाय. सुपारी हाय."

पंच होते निवृत्त पोस्टमन बुधाजी. त्यांनी मंडळाची वही उघडली. "'सुपारीस सर्व बाबतींत वजीर समजावे.' खाली सही तुमचीच हाय, भाऊ. हात लागला. दातपण लागले. आता हलवा."

तो वजीर राजाची शेवटची रांग राखून होता. कुठेही नेला तरी राजा उघडा पडणार होता. धम्मपालांनी तो तोंडातून काढला, अंगातल्या 'कॅप्टन'ला पुसला आणि नाइलाजाने एक घर पुढे ठेवला. वंदनाताईंनी हत्ती शेवटच्या रांगेत नेला. ओल्या वजिराला हात लावायची त्यांना गरजच पडली नाही.

"मात," त्या म्हणाल्या.

धम्मपाल खिडकीकडे तोंड करून बसले. बुधाजी सोंगट्या डब्यात भरू लागले. एकतीसच भरल्या. त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं, बाक सरकवला, मग सावकाश खिडकीकडे वळले.

"भाऊ, वजीर?"

धम्मपालांनी पाठमोऱ्यानेच नुसता हात हलवला. तोंड रिकामं नव्हतं.