निशिगंधेच्या रॅकेटीची मोहीम

चित्त देऊन ऐकावे. भागानगर उर्फ हैदराबाद शहरी, अंबरपेठेत, राजश्री संघपालराव, मूळ मुलूख मराठवाडा, हल्ली सरकारी कचेरीत हेडक्लार्क, यांणी कन्येकारणे जी मोहीम केली, तिचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले जाते.

शके एकोणीसशे सोळाचे सुमारास दिल्लीदरबारी मसलत होऊन मुलुखाचे दरवाजे परदेशी मालास खुले जाहले होते, आणि केबलची तार घरोघर शिरली होती, आणि त्या तारेवाटे विलायतेचे टेनिसचे हिरवे मैदान संघपालरावांचे बैठकीत उतरले. शुभ्र वस्त्रे ल्यालेले वीर चेंडू हाणिताना पाहून रावांचे रक्त उसळले. कन्या निशिगंधा, वय वर्षे सात, हिने याच विद्येत नाव काढावे ऐसा निश्चय करून रावांणी थोरांची अव्वल रॅकेट खरीदली आणि कन्येस नजर केली. उभी करिता तिची मूठ कन्येचे कमरेवर चढे. कबिला रेणुकाबाई यांणी सबब पुसली, तो रावांणी फर्माविले की जिन्नस वाढत्या अंगाचा आहे, कॉलेजापावेतो चालेल.

मग रोज सायंकाळी वसाहतीचे मैदानावर रण माजू लागले. आधी रॅकेट फिरे, मग रॅकेटीमागे निशिगंधा फिरे, आणि चेंडू दोघींस टाळून सुखरूप निघून जाई. टेनिस शिकविणारे उस्तादांचे पदरी मुले बहुत, कोणाचे हाती काय आहे हे पाहण्यास त्यांस फुरसत नव्हती. राव कठड्याबाहेरून हुकूम सोडीत की मनगट ताठ, नजर चेंडूवर. कन्येने अखेर मूठ सोडून रॅकेटीचा गळाच धरला.

एके सकाळी न्हाऊ घालिताना रेणुकाबाईंस कन्येचे बरगडीवर काळानिळा डाग दिसला. गळा धरिल्यामुळे दांड्याचे टोक दर फटक्यास तेथेच लागत होते. इतके दिवस ती बोलली नव्हती. आता बापापुढे उभी राहून, खाली पाहत म्हणाली, "पप्पा, मला टेनिस नक्को. मला येतच नाही."

रावांचे काळजात चर्र जाहले, परंतु तख्त सहजी सुटत नाही. त्यांणी दलील केली की शाळेचा फ्रॉकही दोन बोटे मोठाच घेतो. आपण स्वतः थोरल्या बंधूंची विजार सुतळीने आवळून शिकलो, म्हणून काय बिघडले.

रेणुकाबाई शांतपणे म्हणाल्या, "फ्रॉकाला दुमड घालता येते. ह्या दांड्याला कुठे घालू?"

त्या विजारीत धावताना आपण कितीदा पडलो होतो, आणि मग धावणेच सोडले होते, हे रावांस बहुता वर्षांनी आठवले. त्यांणी स्कूटर काढिली, कन्येस पुढे उभे केले, आणि लहान रॅकेटीचे शोधार्थ कूच केले.

प्रथम गौलीगुड्याचे बाजारावर चाल केली. तेथील पहिल्या दुकानदाराने प्लास्टिकचे खेळणे पुढे केले, त्याचा चेंडू स्पंजाचा. दुसऱ्याने बॅडमिंटनावर तह करू पाहिला. तिसरा थोरांचीच रॅकेट पुढे सारून समजावू लागला, "छोटा नक्को साब, बच्ची बडी होतीच ना." आपलेच फर्मान परमुखातून ऐकून राव बहुत खजील जाहले आणि तडक नारायणगुड्यास वळले. तेथे एके दुकानी माळ्यावर नुकता आलेला परदेशी खोका होता. मालक म्हणे, हे लहान कोणी विचारीतच नाही. खोका फोडिला, तो आत खऱ्या तारांची, हलकी, लहान रॅकेट निघाली. रंग गुलाबी, मुठीवर पोपट. हे आयुध पाहून रावांचे मिशीस क्षणभर लाज वाटली.

परंतु निशिगंधेने हात सरळ खाली सोडिला, तो रॅकेटीचे टोक अल्लद जमिनीस टेकले. खांदा झुकला नाही, कोपर वाकले नाही. रावांणी ती पोपटासकट कबूल केली.

डाग निवळल्यावर स्वारी मैदानी उतरली. पहिला चेंडू जाळ्यात गेला, दुसराही गेला, आणि राव हुकूम सोडणार तो त्यांणी ओठ आवळिले. तिसरा चेंडू ठण्ण करून जाळ्यावरून गेला आणि पलीकडे टप्पा घेता जाहला. कन्येने वळून बापाकडे पाहिलेच नाही. ती पुढल्या चेंडूची वाट पाहत होती.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. दिवेलागणीपावेतो राजश्री संघपालराव, हेडक्लार्क, पलीकडे वाकून वाकून चेंडू वेचीत राहिले, आणि याहून थोर हुद्दा सरकारांतून आजवर मिळाला नाही ऐसे त्यांचे त्यांस वाटले. हे वर्तमान खरे म्हणोन दाखल केले.