हिरेमठ सरांचं मस्टर

हिरेमठ सरांकडे काम करणाऱ्या एका तरुणानं एकदा त्यांच्याकडे चारित्र्याचा दाखला मागितला. सरांनी लिहून दिलं: 'सदर इसमास मी सकाळी दहा ते सायंकाळी साडेपाच या वेळेत ओळखतो. या वेळेत त्याचे वर्तन चांगले असते. इतर वेळेची मला माहिती नाही.'

तो कागद घेऊन पोरगा रडकुंडीला येऊन आमच्या दारात उभा. मी शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. ज्यांनी शाळेच्या काचा फोडल्या त्यांच्याही दाखल्यावर मी 'वर्तन चांगले' असं डोळे मिटून लिहिलेलं आहे. वर जाऊन मी सरांना म्हटलं, "एवढं तोलून-मापून कशाला?"

"झालं तेवढंच लिहायचं, अक्का," सर म्हणाले.

सर आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. दोन खोल्या, एकीत संसार म्हणायचा तर तो, दुसरीत ऑफिस. टॉवेलच्या कारखान्यांसाठी ते कॉम्प्युटरचे प्रोग्राम करतात, कुठल्या मागावर किती माल निघाला वगैरे. एके काळी हाताखाली चार माणसं होती. एकेक करून सगळी पुण्याला, बेंगळुरूला गेली. आता दोनच जुने कारखाने उरलेत, पण सर रोज सकाळी चारही कॉम्प्युटर चालू करतात. "बंद ठेवली की मशीनं बसतात," असं त्यांचं म्हणणं.

लग्नाचं आमंत्रण दिलं तर सर 'नक्की येतो' म्हणत नाहीत. "त्या दिवशी तब्येत बरी असली आणि रिक्षा मिळाली तर येतो," म्हणतात. येतात, जेवतात आणि मुलीच्या बापाला सांगतात, "जिलेबी बरी होती. भात कच्चा होता."

असल्या माणसाकडून माझ्या मुलीला अनुभवाचं पत्र हवं होतं.

स्नेहलनं पहिली तीन वर्षं सरांकडे काम केलं, मग सात वर्षं पुण्यात. आता तिला ऑस्ट्रेलियाला जायचंय. त्यासाठी तिथली एक संस्था आधी तुमची डिग्री, सर्टिफिकेटं आणि नोकऱ्या तपासते. पत्र लेटरहेडवर हवं. कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याला किती तास, नेमकं काय काम, सगळं त्यात हवं. शिवाय व्हिसासाठी गुण मोजतात, त्यात तेहेतीस पूर्ण झाली की वयाचे गुण कमी होतात, आणि तिचा वाढदिवस चार महिन्यांवर आलेला.

सरांनी पत्राला दोन दिवस घेतले. मी वाचलं. आठवड्याचे तास: बत्तीस.

"सर, रोज दहाला यायची की ती!"

"लाइट गेलेले तास वजा केलेत. पाण्याच्या दिवशी दीड तास उशीर व्हायचा, तो पण वजा."

आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि त्या दिवशी अख्खं शहर कामावर उशिरा पोचतं, हे ऑस्ट्रेलियाला कशाला कळायला हवं?

"आणि संध्याकाळी उशिरापर्यंत थांबायची ते?"

"ते धरलंय म्हणून बत्तीस. न्हायतर अठ्ठावीस झाले असते."

स्नेहल फोनवर म्हणाली, "चालेल आई, बत्तीस पुरतात." पण खरी अडचण पुढच्या ओळीत होती. 'पासून'पुढं तारीख होती, 'पर्यंत'पुढं कोरं.

"ही राहिली, सर."

"राहिली न्हाय. तिनं राजीनामा दिलेला न्हाय."

मला वाटलं, चेष्टा करतायत. सरांनी हजेरीचं मस्टर काढून माझ्यापुढं ठेवलं. दोनच नावं. पहिलं सरांचं, त्यापुढं रोजची वेळ. दुसरं स्नेहलचं, आणि त्यापुढं महिनाभर एकच शब्द: रजा, रजा, रजा. मागचं पान उलटलं, तेच. त्याच्या मागचं, तेच. सात वर्षं.

"आठ दिवसांची रजा घेऊन गेली. मग फोन केला, पुण्यात नोकरी लागली म्हणून. सोडते असं म्हटली न्हाय. मी आपल्या मनानं कसं लिहू?"

हे खरं होतं. सरांना तोंडावर सांगायचा तिला धीर झाला नव्हता, आणि मीच म्हटलं होतं, राहू दे, कळेल त्यांना. पण असं पत्र गेलं तर एकाच वेळी दोन नोकऱ्या दिसणार आणि अर्ज बाद होणार.

"मागची तारीख टाकून राजीनामा देते ती," मी म्हटलं.

"मागची तारीख नको, अक्का. आजची चालंल. काम कधीपर्यंत केलं ते मस्टरात हाय."

शनिवारी स्नेहल आली. चार चालू कॉम्प्युटरांच्या मध्ये उभी राहिली. तिच्या जुन्या खुर्चीवर टॉवेल पसरून ठेवला होता, धूळ बसू नये म्हणून. तिथंच बसून तिनं हातानं राजीनामा लिहिला. सरांनी चष्मा लावून वाचला.

"कारण 'चांगली नोकरी मिळाली'. चांगली म्हणजे?"

तिनं कागद परत घेतला. 'चांगली' खोडून 'मोठी' लिहिलं. सरांनी मान डोलावली.

मग म्हणाले, "एक विचारू? पुण्याची सात वर्षं हायत की तुझ्याकडं. माझ्या पत्राचं काय अडलंय?"

मी तिला डोळ्यांनी खुणावलं. पण तीही त्यांच्याच हाताखाली शिकलेली.

"माझी डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची आहे, कॉम्प्युटरची नाही, सर. म्हणून सुरुवातीची काही वर्षं ते अनुभवातून कापतात. तुमच्याकडची दाखवली तर ती कापतील आणि पुण्याची पूर्ण राहतील."

"म्हणजे कापायला म्हणून माझी पाहिजेत."

"हो, सर."

सरांनी 'पर्यंत'पुढं तिच्या कामाच्या शेवटच्या दिवसाची तारीख घातली, आणि कुणी मागितली नव्हती अशी एक ओळ खाली वाढवली: 'हिने लिहिलेला प्रोग्राम आजही वापरात आहे. आज सकाळी नऊ अठ्ठावन्नला चालू केला.'

"कापायला तरी कुणाची तरी लागतात की," म्हणाले आणि सही केली.

निकाल वेळेत आला. सरांकडची वर्षं कापली गेली, पुण्याची सगळी धरली. मी शेंगाच्या पोळ्या घेऊन वर गेले. सरांनी एक खाल्ली. "गूळ बेताचा पडलाय," म्हणाले.

महिन्याची एक तारीख होती. नवं पान आखून मस्टर टेबलावर उघडं होतं. त्यावर एकच नाव होतं, त्यापुढं वेळ. त्याखालची ओळ त्यांनी नाव न घालता, पट्टी लावून एकतीस तारखेपर्यंत आखून ठेवली होती.