भासऱ्यांची सीट

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, गाडीत चढण्याआधी चपला काढतात. देवळाबाहेर काढाव्यात तशा, दाराखाली, जोडीनं लावून. मग अनवाणी आत चढतात, गाडी सुरू करतात, डॅशबोर्डवर तळहात ठेवतात आणि लहान पोराचा ताप पाहावा तसे थोडा वेळ गप्प बसतात. मग म्हणतात, "गाडी सांगते, चाला." आणि गाडी निघते. चपला तिथंच राहतात.

मोताळ्याच्या स्टँडवर एक चहावाला आहे. त्याच्याकडे भासऱ्यांच्या चपलांची एक वेगळी पिशवी टांगलेली असते. ते उतरले की तो न विचारता पिशवी पुढे करतो. लोक म्हणतात, हा माणूस गाडीला देव मानतो. मीही तसंच समजत होते.

गाडी जुनी पिकअप. आमच्या लेकीच्या, राणीच्या, जन्माआधी सेकंडहँड घेतलेली. पुढे एकच लांब सीट, या दारापासून त्या दारापर्यंत. रेक्झिन जागोजागी फाटलेलं, आतला काथ्या बाहेर डोकावणारा, आणि ड्रायव्हरच्या बाजूला एक स्प्रिंग वर आलेली. भासरे बरोबर त्या स्प्रिंगवर बसायचे. दुसरं कोणी तिथं बसलं की टुणकन उठायचं. "टोचत नाही का दादा?" असं माझ्या नवऱ्यानं कितीदा तरी म्हटलं असेल. भासरे उत्तर द्यायचे, "बराबर हाय."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. "बराबर हाय" म्हणायचं आणि लगेच दुसरंच काही सुरू करायचं. कपाशीचा भाव, डिझेल, कोणाच्या विहिरीला किती पाणी. अलीकडे तर त्यांचं बोलणं थांबतच नसे. एकदा एक पाहुणा गाडीत बसला होता. त्याला फाट्यावर उतरायचं होतं. तो "थांबवा, थांबवा" म्हणत राहिला, भासरे सोयाबीनवरच्या अळीबद्दल सांगत राहिले, आणि पाहुणा नांदुऱ्याला उतरला. घरी येऊन नवरा पोट धरून हसला. "दादाले बोलायची हौस लय आली बुवा म्हातारपणी."

लग्न त्यांनी केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "गाडी हाय ना." मोबाइल खिशात थरथरला की तो दुसऱ्याच्या हातात द्यायचे, "पाय बे कोण हाय, माह्ये हात ग्रीसचे हायेत." हात स्वच्छ असले तरी. गाडीला त्यांनी इतके आरसे लावून घेतले होते की नवरा म्हणायचा, यात दाढी करता येईल.

आमच्याकडे भावजयीनं भासऱ्यांपुढे बाजेवर बसायचं नाही, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, त्यांना हात लागू द्यायचा नाही. घरात हे जमतं. पिकअपमध्ये कसं जमावं? मी परकर आणि कापडी पिशव्या शिवते आणि बुलढाण्याच्या एका दुकानात देते. भासरे भाजीचा माल घेऊन घाट चढतात, त्यांच्यासोबत मला जावं लागतं. एकच सीट.

यावर त्यांनीच तोड काढली. सीटच्या मधोमध पाण्याची मोठी कॅन ठेवली. ती अर्धी असली तर वळणावर माझ्या अंगावर यायची, म्हणून निघण्याआधी ते स्वतः ती गळ्यापर्यंत भरायचे. कॅनच्या अलीकडे ते, पलीकडे मी. जणू दोन घरं.

मला भीती फार वाटते. आधीपासूनच. कोणी परकं माणूस दारात येऊन पत्ता विचारू लागलं की मी आत पळते. घाटाची तर इतकी भीती की बुलढाण्याला जायच्या आदल्या दिवशी भाकर उतरत नाही. माझ्या बाजूचं दार दोरीनं बांधलेलं. एका बाजूला दरी, समोरून ट्रक. मी दोरी घट्ट धरून डोळे मिटायची.

एकदा भीती घालवायला मी बोलू लागले. त्यांच्याशी नाही. तोंड खिडकीकडे, डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, आवाज अगदी बारीक. माहेरच्या विहिरीबद्दल काही तरी बोलले. कॅनच्या पलीकडून आवाज आला, "बराबर हाय."

मी दचकले. मग बरं वाटलं. त्यानंतर प्रत्येक फेरीला मी बोलत गेले. घरात माझं वाक्य पुरं व्हायच्या आत कोणी तरी उठून जातं. इथं कोणी उठत नव्हतं, मध्ये तोडत नव्हतं, हसत नव्हतं. जगाशी इतकं बोलणारा हा माणूस मी बोलताना मात्र गप्प असायचा. माझ्यापुरतं मी ठरवून टाकलं की या घरात माझं ऐकून घेणारा एक माणूस आहे.

एक गोष्ट तेवढी लागली. एका फेरीला मी म्हणाले, "मला चौथीतून काढलं ते ठीकच झालं. मी काही हुशार नव्हते." कॅनच्या पलीकडून आलं, "बराबर हाय."

त्या दिवशी मी घाट उतरेपर्यंत पुढे बोलले नाही. पण मग मनाशी म्हटलं, खरं आहे ते खरं आहे.

सीटचं निघालं ते माझ्या लुगड्यावरून. माझ्या बाजूलाही एक तार वर आली आणि तिनं नवं लुगडं फाडलं. नवरा चिडला. "आता ही सीट नवी करून टाकू. लोकं काय म्हणतील?" भासरे म्हणाले, "बराबर हाय." दुसऱ्या दिवशी गाडी नांदुऱ्याला शकूरभाई सीटवाल्यांच्या दुकानासमोर उभी राहिली, तेव्हा कुठं त्यांना कळलं की बराबर कशाला म्हटलं होतं.

शकूरभाईंनी सीट काढून रस्त्याच्या कडेला उपडी केली आणि रेक्झिन फाडलं. आतून काय निघालं नाही! उंदराचं रिकामं घरटं, राणीची लहानपणची क्लिप, शिवताना बोटात घालायचं माझं हरवलेलं अंगुस्तान, सोयाबीनचे दाणे, त्यातल्या एकाला मोड आलेला.

"दादा, इसमें तो खेती हो रही है," शकूरभाई म्हणाले. सगळे हसले. भासरे हसले नाहीत. ते एकटक त्या स्प्रिंगकडे पाहत होते.

"थे स्प्रिंग राहू दे, शकूर."

"कायले? तुटेली हाय. आता मस्त जाड फोम टाकतो. झोप येईन बसल्या बसल्या."

"बाकी सारं बदल. थे राहू दे."

नवरा म्हणाला, "दादा, त्या स्प्रिंगवर तुमचा जीव जडला काय?" भासऱ्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग शकूरभाईंच्या, आणि म्हणाले, "बराबर हाय." ते बाजूला जाऊन चहाच्या टपरीवर बसले, पाठ भिंतीला लावून. घरीही ते असेच बसतात. नवऱ्यानं शकूरभाईंना डोळ्यांनी खूण केली. स्प्रिंग निघाली.

नवी सीट तपकिरी रंगाची, कडेला पांढरी शिवण. मी हात फिरवून पाहिला, टाका सरळ होता. गादीवानी मऊ. सगळ्या गल्लीनं येऊन बसून पाहिलं.

मी मात्र दुसऱ्याच दिवसापासून घाबरले. भासऱ्यांनी चपला काढल्या, डॅशबोर्डवर हात ठेवला, पण "गाडी सांगते" हे काही आलं नाही. त्यांनी उगाच ॲक्सिलेटर दाबला, इंजिन ओरडलं, तरी दाबतच राहिले. गिअर करकरला. बोलणं बंद. कपाळावर घाम. स्टिअरिंग असं धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. आजवर घाटात मी त्यांच्याकडे पाहून धीर धरत होते. आता त्यांच्याकडे पाहिलं की दाराची दोरी आणखी घट्ट धरत होते.

बुलढाण्याला माल उतरवून आम्ही परत निघालो. घाट उतरू लागलो. वळणावळणाचा रस्ता, आरशात नुसता डोंगर. भासरे पुन्हा पुन्हा पायाकडे आणि गिअरकडे पाहत होते. तेवढ्यात मागून हॉर्न आला. लांबून, पण न थांबणारा. एखादं जनावर ओरडावं तसा. मी वाट पाहिली. भासऱ्यांनी गाडी बाजूला घेतली नाही.

हॉर्न जवळ आला. जळक्या रबरासारखा वास आला.

"मागून ट्रक येऊन राह्यला," मी पदराआडून म्हणाले.

"बराबर हाय."

"ब्रेक लागत नसतील त्याचे."

"बराबर हाय."

मला ओरडायचं होतं, पण त्यांना हाक मारायला माझ्याकडे शब्दच नव्हता. इतकी वर्षं मी त्यांना कधी हाक मारलीच नव्हती. मी कॅनवरून वाकले आणि त्यांचा दंड धरला. दोन्ही हातांनी. बांगडी फुटली ते मला नंतर कळलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा पाहिला. आणि काही न विचारता गाडी डोंगराच्या बाजूच्या नालीत घातली. कॅन कलंडली, सगळं पाणी नव्या सीटवर. ट्रक आमच्या आरशाला घासून पुढे गेला. त्याच्या वाऱ्यानं गाडी हलली. पुढच्या वळणावर तो मातीच्या ढिगात घुसून थांबला आणि ड्रायव्हर शिव्या देत चालत उतरला, तेव्हा मी श्वास सोडला.

भासरे स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसले होते. डोकं उचलून म्हणाले, "हॉर्न वाजवत होता काय?"

मी मान हलवली.

"मले आयकू येत नाही, राणीची माय. पयले डावा गेला, मंग उजवा. आता नुसतं गूं गूं." ते समोर पाहूनच बोलत होते. "गाडी मले सांगे. पायातून सांगे, थ्या स्प्रिंगमधून सांगे. कुठं गिअर बदलाचा, कुठं इंजिन धापा टाकते, समदं. आता या फोमात काहीच समजत नाही. मुक्यावानी झाली गाडी."

मग म्हणाले, "लहान्याले सांगजो नको. थो गाडी इकून टाकीन. मंग मी ओट्यावर बसून काय करू? कोणी बोललं तर समजत नाही, म्हणून मीच बोलत राह्यतो."

मला आधी आठवलं ते वेगळंच. ती विहीर, ते माहेर, इतक्या फेऱ्या. एकही शब्द पोचला नव्हता. भिजलेल्या सीटवर बसून मला रडू आलं, आणि ते ट्रकमुळे आलं असं त्यांना वाटलं असेल असं मी समजत होते. पण ते म्हणाले, "तू बोलत राहे, हे मले ठावं होतं. पदर हाले तुहा. पदर हालला की मी गाडी हळू करो. म्हटलं, आयकू येत नाही तं नाही, पण बाईचं बोलणं पुरं होऊ द्याव."

घरी मी नवऱ्याला सांगितलं की नव्या सीटवर मला मळमळतं, जुनी स्प्रिंग परत टाका. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "तुले थे बी टोचे अन् हे बी टोचते. बसाची कशावर मंग, नांगरावर?" पण त्यानं गाडी पुन्हा नांदुऱ्याला जाऊ दिली. भासऱ्यांपुढे मात्र मी अट घातली, बोटांनी आणि खाणाखुणांनी: कानाच्या डॉक्टरकडे जायचं, आणि तोवर माझ्याशिवाय घाट चढायचा नाही. डॉक्टरचं नाव काढलं की त्यांना कपाशी आठवते. पण घाटाची अट त्यांनी पाळली आहे.

शकूरभाईंनी स्प्रिंग फेकली नव्हती. "ऐसा गिऱ्हाईक पहली बार देखा," ते म्हणाले, "नवी सीट फाडून जुनी तार टाका म्हणते." पण त्यांनी फोम कापून ती होती त्या जागी बसवली, आणि वरून रेक्झिन असं ओढून शिवलं की कोणाला कळू नये. भासरे बसले, टुणकन उडाले, आणि हसले. डॅशबोर्डवर हात ठेवला. "गाडी सांगते," ते म्हणाले. चपला शकूरभाईंच्या दारात राहिल्या.

कॅन आता मागे मालाच्या हौद्यात असते. मी मध्ये बसते. मागून हॉर्न आला की त्यांच्या बाहीवर टिचकी मारते, गाडी फार जवळ असली तर बाही ओढते. गावातल्या बायका काय ते बोलतात. मला त्याचीही भीती वाटते आणि घाटाचीही वाटतेच. मागे काही वाजलं आणि मला ऐकू आलं नाही तर, या भीतीनं मी आता डोळे मिटत नाही.

नांदुऱ्याहून परत येताना रेल्वेचं फाटक बंद होतं. भासऱ्यांनी गाडी बंद केली. मालगाडी येत होती. त्यांना ती माझ्याआधी कळली, पायांतून. डबे जाऊ लागले तसा इतका आवाज झाला की माझं बोलणं मलाही ऐकू आलं नसतं. मी त्यांच्याकडे वळले आणि पदर कपाळावरून मागे सारला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ते माझ्या ओठांकडे पाहू लागले.

मी सावकाश म्हणाले, "मला चौथीतून काढलं ते ठीकच झालं. मी काही हुशार नव्हते."

डबे जात राहिले. भासऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, जरा विचार केला आणि मान हलवली.

"हे काही बराबर नाही," ते म्हणाले.