श्रावणभाऊंनी भिंग पुसलं

जावयाला झोपेतून उठवायचं नाही, एवढंच श्रावणभाऊंनी ठरवलं होतं. पुढचं सगळं त्यातून झालं.

जावई म्हणजे अतुल. लग्नानंतर पहिल्यांदाच दीपमालाला घेऊन अमरावतीहून राळेगावला आलेला. सोबत ऑफिसचा लॅपटॉप. दुपारी सासूबाईंनी, म्हणजे जयाबाईंनी, असा काही रस्सा वाढला की पोरगा हात धुऊन आला तो आतल्या खोलीत आडवाच झाला. इकडे फोटोवाल्यानं लग्नाची सीडी सकाळीच आणून दिलेली. लाइट नेहमीसारखी ऐन दुपारी गेलेली, त्यामुळे टीव्ही मुका. पण लॅपटॉप बॅटरीवर चालतो, हे दीपमाला बोलता बोलता सांगून बसली (तिथंच चुकली).

श्रावणभाऊंना सीडीतलं एकच पाहायचं होतं, पोरीचा निरोप. लग्नात मुलीच्या बापाला वरणाची भांडी दिसतात, मुलगी दिसत नाही. ऐन निरोपाच्या वेळी ते कसल्याशा कामात गुंतले, आणि मान वर करतात तो गाडी फाट्यापाशी. ते मनाला लागून राहिलं होतं. बोलून दाखवत नसत, पण भिंतीला भिंत लागून असली की शेजाऱ्याला कळतंच.

"त्यायले उठवा ना," जयाबाई म्हणाल्या.

"जावयाले उठवून कामाले लावू? लोक काय म्हणतीन?"

लोक म्हणजे शेजारच्या लालीबाई. त्या आधीच येऊन बसल्या होत्या, तेही कापसावर. बाहेरच्या खोलीत दुसरी जागाच नव्हती. भाव चढेल म्हणून ठेवलेला कापूस आढ्याला टेकायला आला होता. सगळे त्याच्या उतरणीवरच बसले, मधे पाटावर लॅपटॉप, आणि सगळे खाजवताहेत.

दीपमालानं सीडी आत सरकवली. मशीन घर्रर्र झालं, थांबलं, आणि पडद्यावर म्हणालं, सीडी टाका.

"टाकली ना बे!" श्रावणभाऊंनी त्याला सांगितलं.

सीडी पदरानं पुसून झाली. अतुलच्या पिशवीतली गाण्यांची सीडी लावून झाली. तेच.

"म्हणजे सीडीत खोट नाही. मशीनच वाचून नाही राह्यली," श्रावणभाऊंनी निदान केलं. त्यांना अधिकार होता. गावातले फवारणीचे पंप त्यांच्याकडेच दुरुस्तीला येत.

"बाबा, आतमधी बारकं भिंग असते," दीपमाला म्हणाली. "त्याच्यावर धूळ बसली का असं होते. आमचे हे कापसानं हलकेच पुसतात."

"कापसानं?" श्रावणभाऊ खोलीभर नजर फिरवून हसले. "अवो जया, आता कापूस कुठं भेटन आपल्याले?"

आणि हात मागे नेऊन मूठभर ओढला. पंपाचं नोझल पुसावं तसं भिंग पुसलं. वर फूऽऽ करून फुंकर मारली. सीडी ठेवली, कप्पा बंद.

खडखडखडखड!

"माय वो!" लालीबाई ओरडल्या. "याच्यात तं मळणी सुरू झाली!"

अतुल बनियनवर धावत आला, सासऱ्यांना म्हणाला, "मामाजी, काय झालं?"

"काही नाही. झोपा तुम्ही."

खडखडखड.

"बाबांनी भिंग पुसलं," दीपमालानं सांगून टाकलं.

"कशानं?"

"कापसानंच. तुम्ही पुसता तसंच."

"कोणत्या कापसानं?"

श्रावणभाऊंनी सगळी खोलीच दाखवली.

अतुलनं कपाळावर हात मारला. "मामाजी, मेडिकलमधला कापूस वेगळा! याच्यात सरकी आहे ना!"

जन्म कापसात गेला, आणि बोंडात सरकी असते हे माणसानं नेमकं जावयाच्या मशीनपाशी विसरावं!

अतुलनं सीडी काढली, लॅपटॉप बंद करून उलटा धरला, हलवला. काळी सरकी टुणकन पाटावर पडली. मग त्यानं चष्म्याच्या फडक्यानं भिंग हळूच टिपलं, सीडी लावली. घर्रर्र... आणि पडद्यावर मांडव उभा राहिला!

"जावईबापू, पुढं घ्या. निरोपाचं दाखवा," श्रावणभाऊ पुढं सरकून म्हणाले.

निरोप आला. दीपमालाचं रडणं ऐकू आलं. दिसत मात्र होती एक पाठ. चॉकलेटी सफारीतली, पडदाभर रुंद.

"कोण होय हा?" श्रावणभाऊ उसळले. "अबे सरक ना! एवढा देह घेऊन क्यामेऱ्यासमोर कायले उभा राह्यला? कोणाकडला पाहुणा होय?"

 उत्तर दिलं ते पाठीनंच: "आरसा सांभाळ बे! कपाट आडवं नको घेऊ!"

आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता.

"आपल्याच घरचा होय," जयाबाई शांतपणे म्हणाल्या. "सफारी मीच घेऊन देल्ली होती. पोरगी चालली, अन हे आंदणाच्या कपाटाचा आरसा सांभाळून राह्यले."

पाठीपलीकडे गाडीचं दार लागलं. पाठ वळली तेव्हा मागे नुसती धूळ होती.

दीपमालानं श्रावणभाऊंच्या हातावर हात ठेवला. मग ते खाकरले.

"जावईबापू, पुन्हा एकडाव लावा बरं."

अतुलनं लावली. श्रावणभाऊंनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली, कापसावर उभं राहूनही पाहिलं.

तो माणूस काही सरकला नाही.