रुग्णाशी नाते

"तीन दिवस! चौथ्या दिवशी मी या खुर्चीत नसलो, तर नाव बदला माझं!" ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रजासाहेबांनी भर ऑफिसात जाहीर केलं.

नाव बदलायला उरलंय कुठे? वीस वर्षं लोकांचे रजेचे अर्ज तपासून तपासून ते 'रजासाहेब' झाले होते; मूळ नाव सगळे केव्हाच विसरले होते. सहीखाली तारीख नाही? अर्ज परत! एकाने सासरे वारले म्हणून रजा मागितली, तर यांनी विचारलं, "दुपारी बाराच्या आधी की नंतर? अर्धा दिवस धरायचा की पूर्ण?" असा माणूस! लग्नाच्या बाबतीतही तीच गत. माहितीचा कागद अर्धवट भरलाय म्हणून यांनी अकरा स्थळं परत पाठवली आणि बघता बघता एकेचाळिशी गाठली. बारावा कागद आला तो शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंचा. एकही रकाना रिकामा नाही! रजासाहेब जागच्या जागी विरघळले. थट्टा नाही करत, खरोखर जीव जडला होता त्यांचा. रोज संध्याकाळी बाईंशी फोनवर बोलायचे आणि फोन ठेवल्यावर अर्धा तास भिंतीकडे बघून हसत बसायचे.

लग्न दोन महिन्यांवर आलं होतं आणि घसा तर दर महिन्याला सुजत होता. डॉक्टर म्हणाले, "टॉन्सिल काढून टाकू. पण लहान मुलं आठवड्याभरात उड्या मारायला लागतात, तुमच्या वयाला दोन आठवडे लागतील. आणि बोलणं एकदम बंद!"

रजासाहेबांनी रजेचा अर्ज लिहिला तो तीनच दिवसांचा.

आता गंमत बघा. स्वतःच्या अर्जात 'रुग्णाशी नाते' या रकान्यापाशी ते थबकले. रुग्ण आपणच, आपलं आपल्याशी काय नातं असणार? आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक रकाना कोरा सोडला, अर्ज हाताखालच्या कारकुनाच्या टेबलावर ठेवला आणि दवाखान्यात जाऊन झोपले.

हा कारकून निवृत्तीला टेकलेला. कोऱ्या रकान्यापायी त्याने जन्मभर बोलणी खाल्लेली. ती मोकळी जागा बघून त्याला घामच फुटला. ऑपरेशन कोणाचं, ते साहेब बोललेच नव्हते. टॉन्सिल कोणाचे काढतात? पोरांचे! त्याने वळणदार अक्षरात 'मुलगा' असं लिहिलं आणि वर शिक्का ठोकला.

तासाभरात बातमी जिन्याखालच्या शिपायापर्यंत पोचली.

"मुलगा? अहो, यांचं लग्न व्हायचंय ना अजून?"

"म्हणून तर कधी बोलले नाहीत बिचारे!"

इकडे चौथा दिवस उजाडला आणि मावळला, खुर्ची रिकामीच. पाचव्या दिवशी तर कहर झाला. घशात जणू कोणी खिळे पेरले होते, कान ठणकत होते आणि पाण्याचा घोट बघूनच डोळ्यांत पाणी येत होतं. शुश्रूषेला त्यांच्या ताई घरी आल्या होत्या. संध्याकाळी चौकशीला बाई आल्या, सोबत त्यांचे वडील, म्हणजे होणारे सासरे. निवृत्त पोस्टमास्तर. पत्त्यावर घरनंबर नसला तर मान हलवणारा माणूस. दोघं टेकतात न टेकतात तोच बेल वाजली आणि ऑफिसचे चौघं आत शिरले. हातात फुगा, रंगवायचं पुस्तक आणि चावीचा बेडूक.

"बाळ कुठंय?" कारकुनाने हळूच विचारलं.

"कोणाचं बाळ?" सासरे म्हणाले.

"साहेबांचा मुलगा हो! त्याचेच टॉन्सिल काढलेत ना?"

ताई भावाकडे वळल्या, "मला पण नाही सांगितलंस? सख्ख्या बहिणीला?"

रजासाहेब ताडकन उठून बसले आणि स्वतःच्या छातीवर बोट आपटायला लागले. मी! मी!

"माझा आहे म्हणतायत," कारकुनाने समजावून सांगितलं.

रजासाहेबांनी जोरजोरात मान हलवली आणि एक बोट वर केलं. मी एकटाच आहे!

"एकच आहे म्हणतायत."

"एकच? वा! मोठे उपकार झाले!" सासरे कडाडले. "पुरावा काय याला?"

कारकुनाने खिशातून अर्जाची प्रत काढली. पोस्टमास्तरांनी चष्मा लावला, शिक्का उजेडात धरला. "शिक्का आहे," ते खोल आवाजात म्हणाले आणि बूट शोधायला उठले.

बाई जाणार! संध्याकाळचे फोन जाणार! रजासाहेबांनी वही ओढली आणि लिहायला घेतलं. पण वीस वर्षांची सवय कुठे जाते? 'प्रति, माननीय होणारे सासरे यांस. विषय: मुलगा नसल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की...' एवढं होईपर्यंत एक बूट चढला होता. दुसऱ्या बुटाची नाडी बांधून होत आली, तेव्हा हे समास आखत होते!

"मी एकदा बघते," बाई उठल्या. मोबाइलचा टॉर्च लावून समोर येऊन उभ्या राहिल्या. "आ करा."

रजासाहेबांनी आ केला.

"मोठा. अजून मोठा. जीभ बाहेर." बाईंनी आत डोकावून पाहिलं. दोन्ही बाजूंना पांढऱ्या खपल्या! "ऑपरेशन यांचंच झालंय," त्या म्हणाल्या. "औषध घेतलं का दुपारचं?"

"कुठलं घेतो!" ताईंनी संधी साधली. "काल गोळी गादीखाली लपवली. सकाळी चमचा बघून तोंडावर पांघरूण घेतलं. पेज दिली तर पाय आपटले!"

बाईंनी गोळी कुटली, चमच्यात कालवली आणि पुढे केली. रजासाहेबांनी ओठ गच्च मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. खालचा ओठ थरथरायला लागला. चौघं सहकारी माना खाली घालून फरशी बघू लागले.

"चल गं," सासरे दारातून म्हणाले. "यांचं स्वतःचं ऑपरेशन असेल, पण तो मुलगा असल्याचं..."

"बाबा, बूट काढा," बाई म्हणाल्या. "घरात लहान मूल आहे, ते खरंच आहे. एकेचाळीस वर्षांचं आहे. मी वर्गात असली चाळीस सांभाळते, हे एक जड नाही."

मग त्या रजासाहेबांकडे वळल्या आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "मी तीन म्हणायच्या आत!"

"एक," म्हणताच रजासाहेबांनी आ केला.