दत्तूला सॉफ्टवेअर पसंत पडेना

मी न्हाणीत आडवी पडले होते आणि अंगणापलीकडच्या खोलीत माझा धाकटा भाऊ दत्तू सॉफ्टवेअर निवडत होता. मी ओरडत होते, त्याला ऐकू जात नव्हतं. बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन म्हणून त्याने तीस वर्षं काढली, त्यात दोन्ही कान गेले; जवळ जाऊन मोठ्याने बोललं तरच कळतं. कानाचं यंत्र आहे. खराब होईल म्हणून ते तो डबीत ठेवतो.

आणि सॉफ्टवेअर कशाला, तर मी पडले तर त्याला कळावं म्हणून.

दूध घालायला मल्लय्या आला, त्याने माझा आवाज ऐकला आणि दत्तूकडे धावला. त्याने खांद्याला हात लावला, तर दत्तू मान न वळवता म्हणाला, "दुधाचा गंज ओट्यावर आहे." शेवटी मल्लय्याने त्याला खुर्चीसकट फिरवलं.

त्याआधी तीन महिने हेच चाललं होतं. मी एकदा ओल्या फरशीवर घसरता घसरता वाचले आणि दत्तूने जाहीर केलं, की तो माझ्यासाठी इशाऱ्याचा दिवा बनवणार. मी म्हटलं, "एक बटन, एक वायर, एक बल्ब. आपल्या नेरडीगोंड्याचा कोणताही वायरमन चहा निवायच्या आत लावून जाईल."

"अन् करंट गेला तर? पडलेला माणूस बटन दाबून धरते का? एकदा दाबलं का दिवा लुकलुकतच राह्यला पाहिजे. त्याले सर्किट बोर्ड लागते, आक्का."

बोर्ड म्हणजे तांब्याच्या रेघा असलेली पट्टी. त्या रेघा आधी कॉम्प्युटरवर आखायच्या, त्यासाठी सॉफ्टवेअर. ती पुष्कळ आहेत, हेच माझं दुर्दैव.

एकाला सतत इंटरनेट लागे. आमच्याकडे हायवेवरून ट्रक जोरात गेला तरी इंटरनेट जातं. दुसरं फुकट होतं, पण फुकटात तळहाताएवढाच बोर्ड आखू देई. "तेवढा पुरे की," मी म्हटलं, "मी काय हत्ती आहे?" म्हणे नाही पुरत. तिसऱ्यात एक रेघ मारायला चार खिडक्या उघडाव्या लागत. चौथं सगळ्या बाबतीत चांगलं, पण ती कंपनी उद्या बुडाली तर आपली चित्रं कोण उघडणार, ही त्याला काळजी. सत्तरी ओलांडलेला माणूस, वीस वर्षांपुढची काळजी करतो.

सगळ्यांचे गुण तो वहीत लिही. कधीही विचारा, उत्तर एकच. "घाई नको करू आक्का, तुलना करून राह्यलो." लग्नाच्या वेळीही तो तुलनाच करत होता. उटनूरची मुलगी उंच, बेल्लमपल्लीची बोलकी. दोघींना आता नातवंडं आहेत.

तर मी पडले. हाड मोडलं नाही, कंबर तेवढी काळीनिळी झाली. दत्तू माझ्या खाटेपाशी आला, उभा राहिला आणि परत आपल्या खोलीत गेला. जेवणाच्या आत त्याने सॉफ्टवेअर ठरवलं. चार खिडक्यांचं. वहीत त्याला सगळ्यांत कमी गुण होते.

"मग तेच काऊन?" मी विचारलं.

"हे आधीच कॉम्प्युटरात हाये. बाकीचे डाउनलोड करा लागले असते."

पहिल्या बोर्डाचं चित्र प्रिंटरने पानात बसवायला बारीक करून टाकलं, त्यामुळे चिपचे पाय भोकांत जाईनात. दुसऱ्याचं चित्र त्याने माझ्या इस्त्रीने तांब्याच्या पट्टीवर उठवलं, ते आरशातल्यासारखं उलटं उठलं. इस्त्रीही गेली. तिसरा चालला.

बटन त्याने माझ्या न्हाणीत फरशीपासून वीतभर उंचीवर लावलं. लावायच्या आधी स्वतः फरशीवर आडवा पडून हात पोचतो का ते पाहिलं. मग माझ्या खाटेजवळ येऊन भिंतीला भोक पाडू लागला.

"अरे, दिवा तुझ्या खोलीत पाहिजे ना?"

"तिथला लावला."

"मग हा कशाचा?"

त्याने दिवा भिंतीला लावून स्क्रू कसला.

"एक बटन माह्या न्हाणीत बी लावलं," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "मी पडलो तर कोणाले कळन?"

मी म्हटलं, "वाकडा लागला आहे, सरळ कर." त्याने केला.

मी अठ्ठ्याहत्तरची, दत्तू एकाहत्तरचा. या आवारात आम्ही दोघंच राहतो.