नामंजूर कान

मोशीच्या ज्योतीरामाचे कान पुढे आलेले होते. ही गोष्ट गावाला चोवीस वर्षे ठाऊक होती आणि तिच्यावर कुणी कसलीही कारवाई केलेली नव्हती. कान सुपाएवढे होते, हे खरे. पण त्यांचा कुणाला उपद्रव नव्हता. "देवानं माझ्या लेकाला सढळ हातानं दिलं," असे त्याची आई सारजाबाई पाणवठ्यावर सांगत असे आणि बाकीच्या बाया माना डोलवत. देशाला स्वातंत्र्य मिळाले, राज्यघटना आली, पहिली निवडणूक होऊन गेली, तरी ज्योतीरामाचे कान ही त्याची खाजगी बाबच राहिली होती.

मग चिंचवडच्या माळावर कापूस आणि बँडेजपट्ट्यांचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि ज्योतीराम त्यात हंगामी कामगार म्हणून लागला. पट्ट्या निर्जंतुक हव्यात, म्हणून त्या गुंडाळणाऱ्याने पांढरी टोपी घालावी आणि टोपीत केस व कान पूर्णपणे झाकलेले असावेत, असा नियम होता. टोप्या दिल्लीहून आल्या होत्या. त्या एकाच मापाच्या होत्या, कारण दिल्लीत सगळ्या भारताचे मिळून एकच डोके धरतात. ज्योतीराम टोपी खाली ओढी आणि त्याचे कान तिला परत वर लोटत.

हा प्रकार सुपरवायझर कानविंदे साहेबांच्या नजरेस आला. त्यांचे आडनाव कानविंदे होते, याला कुणाचाच इलाज नव्हता. साहेब मूळचे पुण्याचे, अतिशय सभ्य, आणि नियम पाहिल्याशिवाय ते शिंकतसुद्धा नसत.

"ज्योतीराम, हे काय आहे?"

"कान हायत, सायेब."

"ते दिसतंय. पण नियमानुसार ते दिसता कामा नयेत."

"थोरली टोपी मिळंल का?"

या प्रश्नाचे साहेबांना मनापासून वाईट वाटले. "हे बघ," ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "टोपी मंजूर झालेली आहे. तिला दिल्लीची मंजुरी आहे. तुझ्या कानांना कुणाची आहे?"

ज्योतीरामाने विचार केला. त्याच्या कानांना कुणाचीच मंजुरी नव्हती. ते आपले जन्माबरोबर आले होते.

"तेव्हा फेरफार करायचा तर कानांतच करावा लागेल," साहेब म्हणाले. "टोपीत करणं माझ्या अधिकाराबाहेर आहे. आणि कान नियमात बसल्याखेरीज मला तुला कायम करता येणार नाही."

ज्योतीरामाच्या पायाखालची जमीन सरकली. कारण तळेगाव दाभाड्याच्या शालनशी त्याची सोयरीक जुळली होती, आणि तिचे चुलते उद्धवराव यांची अट एकच होती. उद्धवराव लोकल बोर्डातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सांगून टाकले होते, "पोरगा कायम झाला की लगीन. हंगामी नवरा आमाला नको."

त्यात आणखी एक दुखणे होते. मुलगी बघायला गेला तेव्हा पोह्यांची बशी पुढे करताना शालनने एकदाच वर पाहिले होते. तिने त्याच्या कानांकडे पाहिले आणि ओठ दाबून हसली. ते हसू ज्योतीरामाच्या काळजात रुतून बसले. पोरगी आपल्या कानांना हसली, असे त्याने धरले. नोकरीलाही कान नको आणि बायकोलाही नको, तर मग ते ठेवायचे तरी कुणासाठी, असे त्याला वाटू लागले.

पुण्यात विलायतेहून आलेले एक डॉक्टर होते. लढाईत त्यांनी पुष्कळ शिपायांची नाके-तोंडे सांधून दिली होती. पण शांतता पसरल्यामुळे त्यांचा धंदा बसला होता. ज्योतीरामाला पाहताच त्यांना भरून आले. चाकणच्या बाजारात बैल बघतात तसे त्यांनी त्याला सर्व बाजूंनी फिरवून पाहिले आणि काम सोपे असल्याचे सांगितले. कानामागची थोडी चामडी काढायची, आतली कूर्चा मागे वाकवायची आणि टाके घालायचे.

"पर डाक्टरसायेब, ऐकायला कमी येनार न्हाई नव्हं?"

"छे, छे! ऐकू पूर्वीइतकंच येईल. फक्त तू ऐकतोयस असं दिसणार नाही."

कान डोक्याला चिकटले. सहा महिने त्यांना कुणी हात लावायचा नाही, ओढला तर कान उसळून पुन्हा होता तिथे येईल, एवढे एकच पथ्य डॉक्टरांनी सांगितले. ज्योतीराम कामावर गेला, टोपी पहिल्या झटक्यात बसली, आणि कानविंदे साहेबांच्या डोळ्यांत पाणी तरळले. त्यांच्या नोकरीत प्रथमच एखादी वस्तू नियमात बसली होती. त्यांनी ज्योतीरामाला त्याच दिवशी कायम केले.

ही बातमी आकुर्डीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. कायम व्हायचे तर कान करून घ्यावे लागतात, असा लोकांनी तिचा अर्थ लावला, आणि ज्यांचे कान जन्मापासून टोपीत बसत होते तेही पुण्याला जाऊन डॉक्टरांना आणखी थोडे मागे घ्या म्हणू लागले. कारखान्यात 'कान सुधारलेल्या उमेदवारांस प्राधान्य' अशी पाटी लागली. बायका तान्ह्या पोरांचे कान फडक्याने बांधून ठेवू लागल्या. बारशाला आलेली बाई नाव विचारण्याआधी बाळाचे कान चाचपून बघे आणि "व्हईल, व्हईल कायम," असा आशीर्वाद देई. मोशीच्या शाळेतल्या मास्तरांनी तेवढी तक्रार केली, की नव्या पद्धतीची मुले धरायला सापडत नाहीत. पण शिक्षकांचे म्हणणे कोण मनावर घेतो!

वैशाखात तळेगावला मांडव पडला. पथ्याचे सहा महिने सरेपर्यंत थांबावे तर मुहूर्त थेट कार्तिकानंतरचा, आणि कायम झालेला नवरा इतके दिवस मोकळा ठेवणे उद्धवरावांना धोक्याचे वाटत होते. कारखान्याच्या जीपमधून कानविंदे साहेब आले. त्यांना गुलाबाचे फूल देऊन पुढच्या खुर्चीवर बसवण्यात आले. मंगलाष्टके झाली, होमात लाह्या पडल्या, आणि भटजींनी हाक दिली, "चला, कानपिळ्या कुठे आहे?"

आपल्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट नांदव, हे तोंडी सांगितलेले नवऱ्यांच्या लक्षात राहत नाही, असा पूर्वजांचा अनुभव. शालनचा भाऊ चिमाजी तालमीतला गडी होता. तो पुढे झाला, ज्योतीरामाचा फेटा बाजूला सारला, चिमटा केला आणि कान धरला. बोटे घसरली. पुन्हा धरला, पुन्हा घसरली.

"काका," तो घाबरून म्हणाला, "हितं धरायला कायबी न्हाई!"

"ओढू नका हो!" ज्योतीरामाचे वडील कोंडाजी मध्ये पडले. "डाक्टरनी हात लावायचा न्हाई म्हनून सांगितलंय."

उद्धवरावांनी चष्मा लावला. उभी हयात बोर्डात घालवलेल्या माणसाला काम कुठे अडवायचे हे बरोबर कळते. "कानपिळी झाल्याबिगर सप्तपदी न्हाई," ते म्हणाले. "आन सप्तपदी झाल्याबिगर पोरगी मांडवाच्या भाईर न्हाई."

सनई थांबली. ज्योतीरामाने शालनकडे पाहिले, तर मुंडावळ्यांमागून काहीच दिसेना. दोन पावलांवर उभी असलेली बायको आता पुन्हा लोकांची मुलगी होणार, एवढे मात्र त्याला स्पष्ट दिसले.

तोडगा भटजींनी काढला. "गणपती नसला तर सुपारी चालते. मग कणकेचा कान का चालू नये?" हे सर्वांना पटले. ज्योतीरामाची आत्या यशोदाबाई हिने कणीक मळायला घेतली. माप जुन्या कानाचे घ्यायचे की नव्या, यावर दोन्ही पक्षांत थोडी बाचाबाची झाली. पण आत्याचा हात जुन्याला सरावलेला, त्यामुळे कान पुरणपोळीएवढा झाला. तो गुळाने ज्योतीरामाच्या डोक्याला चिकटवला. चिमाजीने सवयीप्रमाणे पुरता जोर लावला आणि नवऱ्याचा कान त्याच्या हातात आला. मांडवातल्या कुत्र्याने तो खाली पडू दिला नाही.

"अपशकुन!" उद्धवराव ओरडले. "वऱ्हाड माघारी न्या!"

ज्योतीराम काकुळतीला आला. "भटजीबुवा, कारखान्यात एक मानूस आला न्हाई तर दुसरा बदली चालतो. मग बदली कान चालंल का? कुनाचाबी पिळा."

भटजींनी डोळे मिटून शास्त्र आठवले. "चालेल. मात्र ज्याचा कान पिळला जाईल, मुलीच्या सुखदुःखाचा जाब पुढे त्यालाच द्यावा लागेल."

हे शब्द संपतात तोच मांडवातल्या झाडून सगळ्या पाहुण्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मोशीकरांनी ठेवले आणि तळेगावकरांनीही ठेवले. एवढे एकमत लग्न ठरल्यापासून प्रथमच झाले होते.

"काका, मी बोलू का?" शालन म्हणाली.

नवरी बोलते म्हटल्यावर बायका तोंडाला पदर लावून पुढे सरकल्या. आता ऐकणे भाग असल्याने पुरुषांनी हात कानांवरून न काढता बोटे तेवढी फाकवली.

"मी ह्यांचं कान बघूनच व्हय म्हनले हुते," शालन म्हणाली. "येवढं थोरलं कान, म्हंजी मानूस बायकोचं ऐकनारा असंल, असं वाटलं आन हसू आलं. मला न इचारता ह्यांनी ते टोपीपायी दिलं. मग ज्याच्यापायी दिलं, त्याचाच कान पिळा की!"

ज्योतीरामाच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. ती कानांना हसली नव्हती. ती कानांवर खूश होती, आणि आपण पुण्याला जाऊन तेच टाकून आलो! त्याला रडावेसे वाटले, पण बाशिंग बांधून रडायची सोय नसते.

चिमाजी तोवर कानविंदे साहेबांच्या खुर्चीपुढे जाऊन उभा राहिला होता.

"माझा काय संबंध?" साहेब गुलाबाचे फूल छातीशी धरून म्हणाले. "मी केवळ अंमलबजावणी केली. टोपी दिल्लीने मंजूर केली आहे."

"मग दिल्लीचा कान कुटं हाय?"

या प्रश्नावर साहेबांना एकदम धीर आला, कारण याचे उत्तर त्यांना पाठ होते. "दिल्ली म्हणजे सरकार. आणि लोकशाहीत सरकार म्हणजे कोण? तुम्हीच! तुम्ही मतं दिलीत, त्यातून सरकार झालं, त्या सरकारने टोपी मंजूर केली. म्हणजे तत्त्वतः टोपी तुम्हीच मंजूर केलीत."

चिमाजीला तत्त्वतः काही कळत नसे. पण कान कुणाचा, एवढे कळले. तो मांडवाकडे वळला. बोटांचा चिमटा तयारच होता. "मत कुनी कुनी दिलं?"

तीनच महिन्यांपूर्वी दुसरी निवडणूक झाली होती आणि मोशी-तळेगावची हीच मंडळी बैलगाड्या सजवून, हलगी वाजवीत मत द्यायला गेली होती. आता चिमाजी पहिल्या रांगेपासून निघाला. कोंडाजीला त्या दिवशी हिवताप भरला होता. उद्धवराव मतदानाला गेले होते, पण आपल्या उमेदवाराची पेटी ओळखता न आल्याने तसेच परत फिरले होते. भटजी सोवळ्यात होते. कानविंदे साहेबांना निवडणुकीच्याच कामावर नेमल्यामुळे मतदान करायला सवड झाली नव्हती. शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन चिमाजी परत आला, तेव्हा दोन गावांत मिळून एकानेही मत दिले नव्हते आणि सरकार आपोआप आले होते, असे सिद्ध झाले.

उद्धवराव उठून उपरणे झटकू लागले. तेवढ्यात बोहल्यावरून आवाज आला.

"म्या दिलं हुतं मत," ज्योतीराम म्हणाला. "टोपीबी म्याच घातली. जाब म्या देईन. पिळा माजाच."

"आरं ज्योत्या, डाक्टर काय म्हनला त्यो?" कोंडाजी कळवळला.

"डाक्टरसंगं नांदायचं न्हाई मला, आबा. पिळ रं चिमाजी."

चिमाजीने उजव्या कानामागे कसेबसे नख घातले, देवाचे नाव घेतले आणि पीळ दिला. टाके तटतट तुटले. ज्योतीराम 'आई गं' म्हणून ओरडला, आणि त्याचा उजवा कान टुणकन उसळून होता तिथे येऊन उभा राहिला. मुंडावळ्या हलल्या. शालन ओठ दाबून हसत होती.

"ऐकू येतंय नव्हं?" तिने हळूच विचारले.

"येतंय," तो कळ दाबून म्हणाला.

"मग दुसऱ्याला आता कुनाला हात लावू दिऊ नका."

कानविंदे साहेब उभे राहिले. एक कान नियमात आहे, एक नाही, सबब ज्योतीराम यास तूर्त अर्धा कायम समजण्यात यावे, असे ते सांगत होते. पण ते ऐकायला कुणी मोकळे नव्हते. भटजींनी सप्तपदीला सुरुवात केली होती. मांडवातल्या सगळ्या माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला, कानांवरचे हात काढले आणि त्याच हातांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला, की सनईवाल्यांनाही पुन्हा हुरूप आला. एक कान पिळून झाला होता. बाकीचे सुखरूप होते.

वाचकहो, आता तुम्हीही हात खाली घ्यायला हरकत नाही.